जुन्या लाकडी मोटारनौकांच्या एंजिनांतील गहाळ भाग : ओळख आणि पुनर्योजना

जुन्या लाकडी मोटारनौकेच्या जीर्णोद्धारास हात घातला की पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम लाकडाकडे जाते. कोणती फळी कुजली, कोणती पूर्वीच बदलली गेली, मूळचे लाकूड महॉगनीचे की अन्य कसले, याची चिकित्सा बारकाईने होते. एंजिनाच्या बाबतीत मात्र ते चालते की नाही एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. आणि चालत नसेल तर जे त्यात नाही ते मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणून बसविण्याची घाई होते. भाग बसला, एंजिन सुरू झाले, की काम संपले असे समजले जाते. वस्तुतः भाग बसणे ही त्याच्या ओळखीची खूण नव्हे. त्याच दोन बोल्टांवर बसणारे दोन पेट्रोल-पंप परस्परांपासून इतके भिन्न असू शकतात की एकाने नौका सुखरूप किनाऱ्यास लागावी आणि दुसऱ्याने ती भर पाण्यात पेटावी. हा भेद कोठे शोधावयाचा व कसा ओळखावयाचा, याचा विचार येथे एका विशिष्ट वर्गातील नौकांच्या आधारे केला आहे.

हा वर्ग म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्यात, सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक या गावी बांधल्या गेलेल्या ख्रिस-क्राफ्ट नौकांचा. ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ या नौकाकाराने आपल्या मुलांसह १९२२ साली ज्या कंपनीचा पाया घातला, तिच्या आरंभीच्या नौकांत पहिल्या महायुद्धानंतर स्वस्तात विक्रीस निघालेली कर्टिस ओएक्स-५ ही आठ सिलिंडरांची, ९० अश्वशक्तीची विमान-एंजिने बसविली जात. पुढे ओहायो राज्यातील कँटन येथील हर्क्युलिस कंपनीकडून सहा सिलिंडरांची एंजिने घ्यावयाची आणि नौकेस लागणारी सामग्री त्यांवर आपल्या कारखान्यात चढवावयाची, अशी पद्धत पडली. डेट्रॉइटची ग्रे मरीन ही कंपनी याच रीतीने काँटिनेंटलचे ठोकळे वापरीत असे. म्हणजे ज्याला आज ‘नौकेचे एंजिन’ म्हटले जाते ते आतून पुष्कळदा मालमोटारीचे, ट्रॅक्टरचे किंवा कारखान्यातील पंपाचे एंजिन असते आणि केवळ बाहेरून नौकेचे.

या द्विविध जन्माचा परिणाम फार महत्त्वाचा आहे. दट्ट्यांची कडी, झडपा, बेअरिंगे हे आतील भाग औद्योगिक एंजिनांच्या जुन्या साठ्यांतून अद्यापही मिळू शकतात. बाहेरचे भाग, म्हणजे पाण्याचे वेष्टन असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, ज्वालारोधक, हे मात्र थोड्या संख्येने आणि नौकेपुरतेच बनलेले असल्यामुळे दुर्मिळ असतात. दुर्दैव असे की गहाळ होतात तेही नेमके हेच. जे चार बोल्ट काढून सुटते तेच प्रथम नाहीसे होते. त्यांत पितळ वा कांसे असेल तर मोडीच्या बाजारातही त्याला किंमत असते. मिशिगनच्या हिवाळ्याचाही यात वाटा आहे. नदीचे वा सरोवराचे पाणी सरळ एंजिनातून खेळविण्याची पद्धत असल्यामुळे थंडीपूर्वी ते पाणी पूर्णपणे काढून टाकावे लागते. थोडे जरी आत राहिले तरी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि बिडाचे वेष्टन तडकते. असा तडकलेला मॅनिफोल्ड दुरुस्तीसाठी म्हणून उतरविला जातो, कोपऱ्यात पडतो, आणि वीस वर्षांनी नौका विकली जाते तेव्हा तो कोपरा कोणाच्याच लक्षात नसतो.

गहाळ भागाच्या शोधाचा आरंभ त्याने मागे ठेवलेल्या जागेपासून करावा लागतो. भाग गेला तरी त्याची बैठक राहते. बोल्टांची भोके किती, त्यांतील अंतर किती, भोकांतील आटे झिजलेले आहेत की कोरे, हे प्रथम पाहावे. कोरे आटे आणि त्यांवरून गेलेला अखंड रंग दिसला तर त्या बैठकीवर कधीच काही बसलेले नव्हते असे समजावे. मालमोटारीसाठी घडविलेल्या ठोकळ्यावर अशा रिकाम्या बैठका असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ‘येथे काहीतरी हवे होते’ या समजुतीने त्यांवर भलते भाग चढविल्याची उदाहरणे कमी नाहीत. याउलट जेथे गॅस्केटचा ठसा उमटलेला आहे, रंगाची कड तुटक आहे किंवा धातूवर पाण्याच्या गळतीचा हिरवा-पांढरा ओघळ आहे, तेथे भाग होता हे निश्चित. आणि ठशाच्या बाह्यरेषेवरून त्याचा आकारही पुष्कळसा कळतो. म्हणूनच एंजिन तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेणे व मापे टिपणे अवश्य असते. उत्साही कारागीर पहिल्याच दिवशी ज्याला मळ म्हणून खरवडून टाकतो त्यातच निम्मा पुरावा असतो.

यानंतर आकडे येतात, आणि त्यांत एक ठराविक चूक होते. ओतीव भागावर उठावाने आलेला क्रमांक हा ओतकामाचा असतो, भागाचा नव्हे. एकाच ओतीवापासून वेगवेगळी भोके पाडून, वेगवेगळे मुखभाग तासून अनेक भाग तयार होतात आणि त्या प्रत्येकाला सूचीत निराळा क्रमांक असतो. ओतकामाचा क्रमांक जुळला म्हणून भाग जुळला असे मानणाऱ्याला भाग हाती आल्यावर एखादे भोक कमी किंवा एखादी नळी विरुद्ध बाजूस अशी परिस्थिती आढळते. एंजिनाच्या पट्टीवरील अक्षरे व अनुक्रमांक, त्या नमुन्याची भागसूची आणि ओतकामाचा क्रमांक या तिन्हींची एकमेकांवर पडताळणी झाल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

ख्रिस-क्राफ्टच्या अभ्यासकाला आणखी एक साधन उपलब्ध आहे. या कंपनीचा जुना दप्तरसंग्रह व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरीनर्स म्युझियममध्ये जतन केलेला असून त्यात नौकांची नोंदपत्रे आहेत. नौकेच्या लाकडावर ठोकलेल्या क्रमांकावरून तिचे पत्र काढले असता ती कोणत्या एंजिनासह, कोणत्या साहित्यासह व कोणाकडे रवाना झाली हे समजू शकते. तथापि हे पत्र नौकेच्या जन्माच्या दिवसाविषयी बोलते. पुढे एंजिन बदलले असेल तर त्याचा पत्रास पत्ता नसतो. पत्रातील क्रमांक आणि एंजिनावरील क्रमांक भिन्न निघाले तर गहाळ भागाचा शोध समोर असलेल्या एंजिनाच्या अनुरोधाने करावयाचा, की मूळच्या एंजिनाच्या, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो यंत्रविद्येचा नसून इतिहासाचा आहे.

आता ज्या एका गोष्टीपायी सर्वाधिक भाग चुकीचे निवडले जातात तिच्याकडे वळावे. ती म्हणजे एंजिनाच्या फिरण्याची दिशा. मोटारगाडीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. नौकेत, विशेषतः जिच्यात दोन एंजिने शेजारी शेजारी असतात तिच्यात, दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर नौका एका बाजूस ओढली जाते. म्हणून एक एंजिन उजवे व एक डावे घेतात. परंतु उजवे-डावे हे कोठून पाहिले असता? पंख्याची दिशा नौकेच्या मागे उभे राहून, पुढे तोंड करून सांगण्याची प्रथा आहे, तर एंजिनाची दिशा फ्लायव्हीलच्या टोकाकडून. एंजिन नेहमीप्रमाणे फ्लायव्हील मागे ठेवून बसविलेले असेल तर दोन्ही वर्णने जुळतात. ख्रिस-क्राफ्टने मात्र अनेक एंजिने उलटी, म्हणजे फ्लायव्हील नौकेच्या नाळेकडे ठेवून बसविली. पुढील काळातील शेव्हरोलेच्या ठोकळ्यावर आधारलेल्या तिच्या ३२७ या एंजिनाचे ‘एफ’ आणि ‘क्यू’ असे दोन प्रकार होते. पहिल्यात फ्लायव्हील पुढे, दुसऱ्यात मागे. अशा एंजिनाला केवळ ‘डावे’ म्हणून भाग मागविले तर विकणारा व घेणारा दोघेही प्रामाणिक असून भाग उलटा येतो.

ज्या एंजिनावर स्टार्टर नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही आणि पट्टीही नाही, त्याची दिशा ठरवावी कशी? या एंजिनांत झडपा सिलिंडराच्या बाजूस असतात आणि बाजूचे झाकण काढले की त्यांच्या हालचाली दिसतात. क्रँकशाफ्ट हाताने फिरवून एखाद्या सिलिंडराचा दट्ट्या शिखरास येतो व त्याच्या दोन्ही झडपा किंचित उघड्या असतात अशी स्थिती शोधावी. त्या क्षणी एक्झॉस्टची झडप मिटत असेल आणि आतल्या मिश्रणाची झडप उघडत असेल, तर फिरविण्याची दिशा एंजिनाची खरी दिशा होय. हाच क्रम उलटा दिसला तर एंजिन विरुद्ध दिशेचे आहे. या परीक्षेला कोणतेही उपकरण लागत नाही आणि ती सहसा फसत नाही, कारण कॅमशाफ्ट हा एंजिनाच्या पोटात असल्यामुळे तो क्वचितच गहाळ होतो.

दिशा एकदा कळली की कित्येक गोष्टी आपोआप उलगडतात. सहा सिलिंडरांच्या एंजिनात प्रज्वलनाचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. विरुद्ध दिशेच्या एंजिनात तो १-४-२-६-३-५ होतो. येथे एक शंका घेतली जाते. फ्लायव्हील पुढे आल्यामुळे सिलिंडर दुसऱ्या टोकाकडून मोजले तर क्रम बदलेल काय? प्रत्येक आकड्याच्या जागी सातातून तो वजा करून येणारा आकडा मांडला, तर पहिल्या क्रमाचे ६-२-४-१-५-३ असे रूप होते, आणि ते एकापासून वाचू लागले की पुन्हा १-५-३-६-२-४ हेच हाती येते. तात्पर्य, कोणत्या टोकाकडून मोजले यावर क्रम अवलंबून नाही. तो केवळ दिशेवर अवलंबून आहे. मात्र पहिला सिलिंडर कोणता याविषयी चूक झाली तर ठिणगी नेमकी अर्ध्या आवर्तनाने चुकते, म्हणजे मिश्रण दाबलेले असताना पडावयाची ती एक्झॉस्टच्या शेवटी पडते, आणि क्रम बिनचूक असूनही एंजिन कार्ब्युरेटरमधून ज्वाला फेकते. ही ज्वाला नौकेत काय करू शकते हे पुढे येईलच.

डिस्ट्रिब्यूटरमधील केंद्रोत्सारी वजने वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडतात. तीही दिशेला बांधलेली असतात. उलट्या दिशेचा डिस्ट्रिब्यूटर बसविला तर तो वेगाबरोबर ठिणगी उशिरा पाडू लागतो. बंदरात मंद चालताना एंजिन उत्तम वाटते आणि खुल्या पाण्यात जोर लावताच तापते व दमते. स्टार्टर, वंगणाचा पंप आणि क्रँकशाफ्टच्या टोकाशी तेल मागे लोटणारे मळसूत्री खाचांचे बंधन यांनाही दिशा असते. याच्या उलट पेट्रोल-पंपाचा दांडा एका विकेंद्री चाकावर वरखाली होत असल्यामुळे त्याला दिशेचे सोयरसुतक नाही. पाण्याचा दंतचक्री पंप दोन्ही दिशांनी चालतो. फक्त त्याची शोषणाची व उत्सर्गाची तोंडे आपसांत बदलतात. नळ्या अदलून बदलून जोडल्या की काम भागते, न जोडल्या तर एंजिनातील पाणी नदीत जाते आणि एंजिन कोरडे राहते.

जेथे चूक जिवावर बेतू शकते ते भाग म्हणजे पेट्रोल व ठिणगी यांच्याशी संबंध असलेले. मोटारगाडीच्या एंजिनाखाली रस्ता असतो आणि गळलेले पेट्रोल उडून जाते. नौकेच्या एंजिनाखाली बंद तळखण असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे त्या पोकळीत साचून राहते, आणि हवेतील तिचे प्रमाण सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरे होते. नौकेचे भाग मोटारीच्या भागांसारखे दिसूनही निराळे का असतात याचे सारे उत्तर या एका गोष्टीत आहे.

मोटारीच्या पेट्रोल-पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. आतला पडदा फाटला की पेट्रोल त्यातून खाली ठिबकते. नौकेच्या पंपात दोन पडदे असतात, किंवा त्या छिद्रापासून एक नळी कार्ब्युरेटरच्या घशात नेलेली असते, म्हणजे गळलेले पेट्रोल तळखणीत न जाता एंजिनातच जळावे. मोटारीच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या वाटीचा श्वास बाहेर उघडतो. नौकेच्या कार्ब्युरेटरमध्ये तो आतील घशात उघडतो, आणि वाटी ओसंडली तरी पेट्रोल बाहेर पडत नाही. आजच्या अमेरिकी नियमांत नव्या नौकेच्या कार्ब्युरेटरने वाटीची झडप उघडी राहिली असतानाही तीस सेकंदांत पाच घन सेंटिमीटरहून अधिक पेट्रोल बाहेर गळू देऊ नये अशी कसोटी आहे. जुन्या नौकेस ती कायद्याने लागू नसली तरी तिच्यावरून अपेक्षा काय आहे हे कळते. डिस्ट्रिब्यूटर, स्टार्टर व डायनॅमो यांची हवेची भोके मोटारीत उघडी असतात. नौकेत ती बंद किंवा बारीक जाळीने झाकलेली असतात. कारण आत उडणारी ठिणगी थांबविता येत नसली तरी तिची ज्वाला बाहेर येण्यापासून रोखता येते.

हेच तत्त्व ज्वालारोधकाचे. कार्ब्युरेटरच्या तोंडावरील धातूच्या पातळ पापुद्र्यांचा वा जाळीचा हा डबा उलट फेकलेल्या ज्वालेची उष्णता शोषून तिला विझवितो. २५ एप्रिल १९४० नंतर मोटारनौकेत बसविलेल्या प्रत्येक पेट्रोल-एंजिनास, बाहेरून टांगावयाची एंजिने सोडून, असे ज्वालानियंत्रण असलेच पाहिजे असा अमेरिकेत निर्बंध आहे. या तारखेपूर्वीच्या एंजिनावर ज्वालारोधक सापडला नाही तर तो गहाळ झाला आहे की मूळचाच नव्हता, हे सांगणे कठीण जाते. येथे ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह धरून कार्ब्युरेटरचे तोंड उघडे ठेवणारे काही संग्राहक आढळतात. प्रदर्शनगृहात उभ्या असलेल्या, टाकीत थेंबभरही पेट्रोल नसलेल्या नौकेत हे क्षम्य आहे. जी पाण्यावर जावयाची आणि जिच्यात माणसे बसावयाची तिच्यात ते समर्थनीय नाही. अशा वेळी त्या काळच्या घाटाचा ज्वालारोधक बसवावा व तो नंतरचा आहे अशी नोंद ठेवावी.

जेव्हा भाग कोठेच मिळत नाही तेव्हा तो नव्याने ओतावा लागतो, आणि बहुधा ही वेळ मॅनिफोल्डच्या बाबतीत येते. शेजारच्या तशाच नौकेवरून तडकलेला का होईना एक मॅनिफोल्ड उसना मिळाला, की तोच वाळूत दाबून नवा ओतण्याचा मोह होतो. पण करडे बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते. तीस इंच लांबीच्या मॅनिफोल्डात हा आकस पाच सोळांश इंच होतो. म्हणजे मधली भोके जुळली तरी दोन्ही टोकांची भोके सव्वा सव्वा दोरा आत सरकलेली असतात, आणि बोल्ट जात नाहीत म्हणून भोके वाढविली तर गॅस्केटला टेकावयाला जागा उरत नाही. म्हणून जुन्या भागावरून मापे घेऊन आकसाच्या पट्टीने लाकडी नमुना करावा लागतो. तासावयाच्या पृष्ठभागांवर जादा धातू ठेवावा लागतो, आणि पाण्याच्या वेष्टनासाठी वाळूचा निराळा गाभा घडवावा लागतो. गाभा ओतताना किंचित जरी हलला तरी एका बाजूची भिंत पातळ होते. ती वर्षभर टिकते, मग एके दिवशी गंजून आतले पाणी सिलिंडरात उतरते. नव्या ओतीवाची पाण्याच्या दाबाने परीक्षा केल्याशिवाय ते एंजिनावर चढवू नये.

धातूच्या निवडीत व आट्यांत विशेष गुंतागुंत नाही. पाण्याच्या नळीचा सांधा कांशाचा असावा, साध्या पितळेचा नको. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा राहतो. अमेरिकी व ब्रिटिश जाड आट्यांची इंचातील संख्या पाव इंचापासून एक इंचापर्यंत जवळजवळ सर्वत्र सारखी आहे. फक्त अर्ध्या इंचाला अमेरिकी आटे तेरा तर व्हिटवर्थचे बारा असतात. इतर मापांतही आट्यांचा कोन निराळाच, साठ व पंचावन्न अंशांचा. तेव्हा नट फिरला म्हणजे जुळला असे नव्हे.

नवा भाग जुन्यासारखा दिसावा की निराळा ओळखू यावा, हा वाद वास्तूंच्या जतनात पूर्वीच होऊन गेला आहे. १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेने गहाळ भागांची पूर्ती एकूण रचनेशी सुसंवादी असावी, पण मूळ भागांपासून वेगळी ओळखता यावी, असे म्हटले. चालत्या पारंपरिक जहाजांसाठी युरोपात २००३ मध्ये झालेल्या बार्सिलोना सनदेची भूमिकाही याच परंपरेतील आहे. एंजिनाच्या बाबतीत हे साधणे सोपे आहे. नव्या ओतीवाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस वर्ष कोरावे, मूळ कारखान्याचे चिन्ह त्यावर उमटवू नये, आणि कोणता भाग कोठून व कशाच्या आधारे घेतला याची वही नौकेबरोबरच ठेवावी. असे चिन्ह उमटविलेला नवा भाग आणि मूळचा भाग यांत पन्नास वर्षांनी कोणालाच भेद करता येणार नाही. मग त्या चुकीच्या भागावरून पुढचे भाग ठरविले जातील.

शेवटी एका क्षुल्लक दिसणाऱ्या भागाचा उल्लेख अवश्य आहे, कारण तो सर्वांत अधिक वेळा हरवतो व सर्वांत अधिक बेफिकिरीने बदलला जातो. तो म्हणजे तेल मोजण्याची पट्टी. त्याच ठोकळ्याच्या मालमोटारीची पट्टी त्याच भोकात बिनदिक्कत जाते. पण नौकेतील एंजिन पंख्याच्या दांड्याच्या रेषेत, मागे कललेले असते. हा कल बारा अंशांचा आणि तेलाचे पात्र चोवीस इंच लांब असेल, तर दोन टोकांशी तेलाच्या पातळीत पाच इंचांहून अधिक फरक पडतो. पट्टीचे भोक पुढच्या टोकाशी असेल तर मालमोटारीच्या खुणेपर्यंत भरलेले तेल प्रमाणाबाहेर होऊन क्रँकशाफ्ट त्यात बुडते. मागच्या टोकाशी असेल तर पट्टी भरपूर तेल दाखविते आणि बेअरिंगे कोरडी पडतात. म्हणून मूळची पट्टी नसेल तर नौका पाण्यात तिच्या नेहमीच्या भाराने तरंगत असताना एंजिनातील सर्व तेल काढावे, भागसूचीत दिलेले माप मोजून ओतावे, अर्धा तास थांबावे, कोरी पट्टी आत घालावी, आणि तेल जेथे लागेल तेथे कानशीने खूण करावी.